कुलूप नसलेली दारं

आमच्याकडे साडेचार वाजले की मुलाचा फोन येतो. तिकडे तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो आणि त्याची जेवणाची सुट्टी असते. माझे दोन्ही हात कामात असतात, म्हणून मी फोन गमच्या डब्याला टेकवून उभा करते. साड्यांच्या काठाला टिकल्या चिकटवायचं काम मी घरीच करते. सुरतमधल्या नवागामच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका हेच करतात. तो जेवतो, मी टिकल्या चिकटवते आणि आमचं बोलणं चालतं. इतर कुणाशी मी फार बोलत नाही. त्याच्याशी बोलते.

तो आफ्रिकेत आहे. देशाचं नाव इथे लिहीत नाही. ही वही माझ्यापुरती असली तरी त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. तिथे एक डोंगर आहे आणि त्या डोंगरात लिथियम आहे. मला वाटलं होतं, लिथियम म्हणजे पाऱ्यासारखं काहीतरी चमकणारं असेल. पहिल्या आठवड्यात त्याने हातात धरून दाखवला तो एक फिकट हिरवट दगड होता. शेजारच्या मावशी माझ्याजवळ बसून काम करत होत्या. त्या फोनमध्ये वाकून आमच्या साक्रीकडच्या अहिराणीत म्हणाल्या, “दगडच देखना व्हता त साक्रीले काय कमी शेतस? एवढासाठे इमानमा बसीसन गया का रे तू?”

“मावशी, हाई दगडवर मोबाईल चालस.”

“मंग मना मोबाईल काबर घडीघडी बंद पडस?”

तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. पुढचं सगळं बोलणं मी मराठीत लिहिते, कारण अहिराणी मला बोलता येते, लिहिता येत नाही.

त्याने मला सगळं समजावून सांगितलं होतं. डोंगर त्या देशाचा. पैसा लावला दुसऱ्या देशातल्या मोठ्या कंपनीने. रस्ते, शेड आणि मोजणी ही कामं सुरतच्या एका ठेकेदाराला मिळाली आणि तो माणसं इथून घेऊन गेला. दगड तिथे फोडायचा, त्याची भुकटी करायची, पोत्यांत भरून बंदरावर न्यायची. बॅटरी होणार तिसऱ्याच देशात. आणि ती बॅटरी फिरत फिरत आमच्या दिंडोलीच्या नाक्यावर रिक्षाच्या सीटखाली येऊन बसणार. बॅटरीवाल्या रिक्षात मी रोज बसते. तिचा धूर नाही, आवाज नाही, मला ती आवडते. म्हणून खाण वाईट असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

“पण एवढ्या लोकांच्या हातांतून जाणार,” मी विचारलं, “तर डोंगराखाली राहतात त्यांना काय?”

“तेच तर माझं काम आहे, माय.”

त्याने आयटीआयमध्ये मोजणीचा कोर्स केला आहे. डोंगराच्या पायथ्याला एक वस्ती होती. ती उठवून पलीकडे नवी घरं बांधून देणार होते. ज्या घराचं नाव यादीत, त्याला नवं घर आणि घरटी एकाला खाणीत काम. ज्याचं नाव नाही, त्याला काही नाही. यादी करायची होती माझ्या मुलाने. शनिवारी ती बंद होणार होती.

त्या सोमवारी तो फार खुशीत होता. जेवणाचा डबा बाजूला ठेवून त्याने टॅब फोनसमोर धरला. वस्तीचा नकाशा होता. त्यावर हिरवे ठिपके आणि मधून मधून राखाडी ठिपके.

“चार दिवसांत केलं सगळं. साहेब म्हणाले, एवढ्या लवकर आजवर कुणी केलं नाही. पुढच्या कामाला मला पर्मनंट घेणार आहेत.”

“राखाडी काय आहेत?”

“ती बंद घरं. तीन वेळा हाक मारायची, दार वाजवायचं, कुणी आलं नाही तर फोटो काढायचा आणि बंद असं लिहून पुढे जायचं. नियम आहे.”

“फोटो दाखव.”

तो दाखवत गेला. मातीच्या भिंती, पत्रा, काही ठिकाणी गवताचं छप्पर. मी टिकल्या खाली ठेवल्या. एका फोटोत दोरीवर कपडे होते आणि त्यांचं पाणी खाली मातीत ठिबकून ओला डाग पडला होता. दुसऱ्यात उंबऱ्याशी चपला होत्या, एक जोड मोठ्या माणसाचा, एक अगदी लहान. तिसऱ्यात छपरातून धूर येत होता.

“कुलूप कुठे आहे?” मी विचारलं.

“कसलं कुलूप?”

“घरातून माणूस बाहेर गेला तर बाहेरून कुलूप लावील. निदान कडी घालील, दोरी बांधील. तुझ्या ह्या दाराला बाहेर काहीच नाही. हे आतून लावलंय.”

तो फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, “असेल. पण मग उघडलं का नाही?”

“तुम्ही किती जण जाता?”

“तिघं. गाडीतून.”

“डोक्यावर ते पिवळं टोपडं घालून?”

“हेल्मेट, माय.”

“आणि त्यांचे नवरे कुठे असतात त्या वेळी?”

“बरेच जण शहरात, दुसऱ्या खाणींवर. महिन्याने येतात.” त्याची सुट्टी संपत आली होती. “माय, आपण नियमाप्रमाणे केलंय. तू नको डोकं चालवू.” आणि त्याने फोन ठेवला.

मी परत टिकल्या हातात घेतल्या, पण एका साडीला दोन ठिकाणी वाकड्या लागल्या. असं माझं होत नाही.

ती दारं आतून लावली होती हे मला पक्कं माहीत होतं, कारण तसंच एक दार मी लावलं होतं.

लग्न होऊन मी सुरतला आले तेव्हा आम्ही खाडीच्या काठाला एका झोपड्यात राहायचो. हे लूमवर जायचे, बारा तासांची पाळी. मी एकोणीस वर्षांची होते. माझ्या माहेरी आणि सासरीही रीत अशी की घरात पुरुष नसताना परका माणूस दारात आला तर सुनेने दार ओढून घ्यायचं आणि आवाज करायचा नाही. बोलायचं असेल तर सासू बोलेल. ही रीत मला जड गेली नाही. उलट बरंच वाटायचं, कारण मला बोलायचीच धास्ती होती. वाण्याकडे साखर मागायची तरी मी आधी मनात दोनदा म्हणून बघायची.

वस्ती हटणार आणि नवी घरं मिळणार असं सगळे म्हणत होते. मोजणीवाले येणार हेही कानावर होतं. ते आले एका सकाळी अकराच्या सुमाराला. तिघं होते. एकाच्या हातात कागद, एकाच्या हातात लाल रंगाचा डबा. मी त्यांना गल्लीच्या टोकाला पाहिलं आणि आत येऊन कडी लावली. मुलगा सात महिन्यांचा होता. तो रडला तर ऐकू जाईल म्हणून मी त्याला छातीशी घेतलं आणि अंगावर पाजत भिंतीला टेकून बसले. बाहेरून हाक आली, एकदा, दोनदा, तीनदा. दाराच्या खालच्या फटीतून मला त्यांचे बूट दिसत होते. शेजारची बाई म्हणाली, “आत बाई असेल तिची.” त्यातला एक म्हणाला, “असेल तर बोलेल की. सगळ्या घरांत का जबरदस्तीने शिरू?” तो काही वाईट बोलला नाही. बूट पुढे गेले. मला अगदी हायसं वाटलं. मुलगा दूध पिता पिता झोपला होता. मी त्याला खाली ठेवलं आणि भाकरी टाकायला बसले.

संध्याकाळी हे आले तेव्हा सगळ्यांच्या भिंतींवर लाल आकडे होते आणि आमच्या भिंतीवर फुली. आकडेवाल्यांना पुढे पक्की घरं मिळाली. आम्ही कागद घेऊन फिरलो, हे पाळी बुडवून बुडवून गेले, पण यादी बंद झाली होती. ह्यांनी मला एकदाच विचारलं, “तू घरातच होतीस ना?” मी हो म्हटलं. त्यानंतर कधी विषय काढला नाही. तेव्हापासून आम्ही भाड्याच्या खोलीत आहोत, आधी कडोदऱ्याला, मग इथे.

ही गोष्ट मी मुलाला कधी सांगितली नव्हती. झोपडं तुटलं, घर मिळालं नाही, एवढंच त्याला माहीत होतं.

मंगळवारी साडेचारला त्याचा फोन आला तेव्हा मी मावशींना म्हटलं, मावशी, आज थोडं एकटीला बोलायचंय. त्यांनी भुवया उडवल्या, “सून बघितली काय तिकडची?” म्हणाल्या आणि आपली साडी उचलून दारात जाऊन बसल्या. मी मुलाला सगळं सांगितलं. बूट, फट, हाका, फुली. दूध पाजल्याचंही सांगितलं. सांगताना मी त्याच्याकडे बघत नव्हते, हातातल्या टिकल्यांकडे बघत होते.

त्याने हातातला घास डब्यात ठेवला. मग म्हणाला, “हे मला आज सांगतेस?”

“आज कामाचं आहे म्हणून सांगते. त्या बाया आत आहेत. तुझ्या हाका त्यांना ऐकू येतायत. तू परत जा.”

“माय, आकडा वर गेलाय. साहेबांनी त्या परदेशी कंपनीच्या इंजिनियरला पाठवला पण. आता मी म्हटलं की चुकलं, तर कोण चुकलं? मी! पर्मनंटचं काय होईल?”

“पर्मनंट नंतर बघू.”

“तुला सोपं वाटतं. एवढं वाटत होतं तर तू का नाही उघडलंस तेव्हा?”

हे त्याने बोलायला नको होतं, पण विचारलं ते बरोबर होतं. मी म्हटलं, “मला कुणी शिकवलं नव्हतं की उघडायचं. त्यांनाही कुणी शिकवलेलं नाही. तुझ्याजवळ शनिवारपर्यंत वेळ आहे.”

त्याने फोन ठेवला. बुधवारी साडेचारला फोन आला नाही. गुरुवारीही नाही. मावशींच्या लक्षात आलं. “पोरगा रुसला का गं? की दगडाखाली सापडला?” मी म्हटलं, कामात असेल. ह्यांना रात्रपाळीची तयारी करताना सांगितलं, तर डबा पिशवीत ठेवता ठेवता म्हणाले, “नोकरी जाईल त्याची.”

“गेली तर येईल इकडे. बॅटरीची रिक्षा चालवील. लिथियमचं सगळं त्याला माहीतच आहे.”

हे माझ्याकडे बघतच राहिले. मी अशी उत्तरं देत नाही. मग हसले आणि गेले. मला काळजी नव्हती असं नाही, पण माझं चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही. पोराला मी ओळखते. त्याने रागाने फोन ठेवला होता, म्हणजे बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

शुक्रवारी फोन आला. तो सावलीत कुठेतरी बसला होता, डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि केस धुळीने पांढरे झाले होते.

“गेलो होतो,” तो म्हणाला. “दोन दिवस.”

तो आधी स्वयंपाकघरात गेला होता. त्यांच्या कॅम्पवर जेवण करणारी बाई त्याच वस्तीतली. तिला त्याने दारांचे फोटो दाखवले. ती फोटो बघून हसायलाच लागली आणि एकेका दारावर बोट ठेवून सांगू लागली, ही माझी मावसबहीण, ही बाळंतीण, हिचा नवरा शहरात. “तुम्ही पोलिसांसारखे येता,” ती म्हणाली, “कोण उघडणार?” मग तो तिला घेऊन गेला. गाडी लांब उभी केली, जाकीट काढून ठेवलं, आणि स्वतः रस्त्यातच थांबला. हाक तिने मारली, त्यांच्या भाषेत, नात्याने. बहुतेक दारं उघडली. दोन घरं खरंच बंद निघाली. त्यांना बाहेरून तार गुंडाळलेली होती आणि अंगणात गवत वाढलेलं होतं. ती त्याने तशीच ठेवली.

“आता?” मी विचारलं.

“आता साहेब. नवी यादी घेत नाहीत. म्हणतात, वर आकडा गेला तो गेला. कुणी सांगितलं होतं तुला परत जायला, म्हणून ओरडले.”

“तू काय सांगितलंस?”

“खरं सांगितलं. आईने.” तो ओशाळा झाला होता. “ते म्हणाले, लाव तुझ्या आईला फोन. इथेच आहेत.”

मला वाटलं तो गंमत करतोय. तेवढ्यात फोन हलला आणि एका जाड माणसाचा चेहरा समोर आला. मी पदर डोक्यावर ओढला. माझा हात फोनकडे गेला होता, तो उलटा करून ठेवायला. मावशी तोंडात टिकल्यांची पुडी धरून बघत बसल्या होत्या.

“केम छो बेन?” साहेब म्हणाले. “तमारा दीकराए मारुं काम वधारी दीधुं.” तुमच्या मुलाने माझं काम वाढवून ठेवलं, असं. आवाज चढलेला होता, पण बोलताना अदब होती. सुरतचाच माणूस.

मी हात मागे घेतला. बाजारात बोलते तेवढी गुजराती मला येते. मी म्हटलं, “भाई, काम त्याने नाही वाढवलं. काम आधीच तेवढं होतं, अर्धंच झालं होतं.”

“बेन, नियम आहे. तीन हाका.”

“नियमात फोटो आहे ना? मग फोटो बघा. बंद घराच्या फोटोत बाहेरून कुलूप दिसलं पाहिजे. कुलूप नाही, तार नाही, दोरी नाही, तर ते घर बंद कसं?”

मी थांबले असते तर पुढे बोलूच शकले नसते, म्हणून थांबले नाही. “आज तुमचे दोन दिवस जातील. उद्या मशीन आणाल, आणि ज्यांची नावं नाहीत त्या बाया पोरं घेऊन मशीनपुढे बसतील, तेव्हा किती दिवस जातील? ज्यांनी पैसा लावलाय ते तेव्हा कुणाला विचारतील? तुम्हालाच ना?”

मी एवढं कुणाशी सलग बोलले नव्हते, परक्या पुरुषाशी तर नाहीच. पण मला शब्द शोधावे लागले नाहीत. ते वर्षानुवर्षं तयारच होते.

साहेबांनी कपाळ पुसलं. “तमे तो वकील नीकळ्या, बेन,” म्हणाले. मग बाजूला बघून माझ्या मुलाला म्हणाले, “ला, फोटा बताव मने.” आणि फोन बंद झाला.

मावशींनी तोंडातली पुडी काढली. “अगं बया! तुला जीभ आहे?”

शनिवारी यादी बंद झाली नाही. साहेबांनी ते फोटो परदेशी इंजिनियरला पाठवले. इंजिनियर बाई होती, हे मला नंतर कळलं. तिने लिहिलं की यापुढे बाहेरचं कुलूप किंवा तार फोटोत दिसल्याशिवाय कुठलंही घर बंद धरायचं नाही, आणि पलीकडच्या दोन वस्त्याही ह्याच रीतीने परत मोजायच्या. त्या मोजायला माझ्या मुलालाच पाठवलं. पर्मनंटचं पत्र अजून आलेलं नाही. आखाजीच्या सणाला तो घरी येणार होता, ते मात्र गेलं. “तुझ्यामुळे, माय,” असं तो रोज म्हणतो. आवाजात राग नसतो.

पहिल्या वस्तीतलं एक घर तरीही राहिलं होतं. दाराला बाहेर काही नाही, छपरातून धूर, आणि स्वयंपाकाच्या बाईने हाक मारूनही उघडलं नाही. मला वाटलं, माझ्यासारखी कुणीतरी असेल, फार लाजाळू. मी म्हटलं, मला तिच्याशी बोलू दे. दुसऱ्या दिवशी तो फोन चालू ठेवून तिथे गेला. स्वयंपाकाच्या बाईने दाराशी तोंड नेऊन सांगितलं की फोनवर एक बाई आहे, हिंदुस्तानातली, ह्याची आई.

दार उघडलं. माझ्या वयाची बाई होती, उंच, कंबरेला कापड गुंडाळलेली. लाजल्याची तिच्या तोंडावर खूणही नव्हती. तिने फोनमध्ये मला नीट बघितलं, माझ्या मागच्या साड्यांचा ढीगही बघितला. मग ती बोलू लागली, मोठ्याने, बराच वेळ. स्वयंपाकाची बाई इंग्रजीत सांगायची आणि मुलगा मला.

“ती म्हणते, मला हाका ऐकू येत होत्या. मी मुद्दाम उघडलं नाही. नाव लिहिलं की माणूस हो म्हणाला असं धरतात. मला जायचं नाही. डोंगरापलीकडे पाणी नाही, तुम्ही घरं बांधाल, पाणी कुठून बांधाल?”

मला हे सुचलंच नव्हतं. सगळी दारं माझ्यासारख्या बाईनेच लावली असतील असं मी धरून चालले होते. मुलगा फोनमध्ये माझ्याकडे बघत होता. “काय करू? हिला बंदमध्ये टाकू? तिलाही तेच हवंय.”

“नाही,” मी म्हटलं. “बंद लिहिलंस तर घर रिकामं होतं असं होईल. ती काय म्हणते ते कुणाला कळणारच नाही. तुझ्या त्या यादीत बोललेलं लिहायला जागा आहे का?”

“शेरा म्हणून एक रकाना आहे. कुणी भरत नाही.”

“तू भर. तिला विचार आधी.”

त्याने विचारलं. ती बाई दारात उभी राहून विचार करत राहिली. मग तिने टॅब आपल्याकडे वळवायला लावला आणि स्वयंपाकाच्या बाईला सांगितलं, लिहिलेलं मला वाचून दाखव. मुलाने लिहिलं: घरात माणसं आहेत. जाण्यास तयार नाही. पलीकडे पाणी नाही. स्वयंपाकाच्या बाईने वाचून दाखवलं. त्या बाईने एक शब्द बदलायला सांगितला. पलीकडे पाणी नाही याच्याऐवजी पलीकडे पाणी दाखवा, असं. मुलाने तो बदलला, तिच्या देखत यादी पाठवली, आणि ती बाई आत गेली.